गीता चिंतन : अध्याय ४, श्लोक ५ – आतली पट्टी



आज चौथ्या अध्यायातला पाचवा श्लोक. कालच्या श्लोकात अर्जुनाने शंका काढली होती. हा योग मी आधी सूर्याला सांगितला, असं भगवान म्हणाले आणि अर्जुनाला ते पटेना. सूर्य कधीचा, तुम्ही आत्ताचे, मग हे जमलं कसं? आपणही हेच विचारलं असतं. भगवान त्यावर रागावत नाहीत. ते सांगतात की तुझे नि माझे पुष्कळ जन्म होऊन गेले. मला ते सगळे ठाऊक आहेत, तुला नाहीत.

हा श्लोक मी आजवर कितीदा वाचला असेन. दरवेळी वाटायचं, देवच तो, त्याला सगळं आठवणारच, त्यात नवल काय? आणि पुढे जायचो. यंदा पुढे जाता आलं नाही. मध्ये एक तंबोरा आला.

माझं गाव मिरज हे जुन्या वाचकांना माहीत आहे. तरुणपणी मी तंतुवाद्यांच्या एका कारखान्यात काम शिकलो. मिरजेची ही कला शिकलगारांच्या घराण्यातली. शस्त्रं घडवणारी, त्यांना धार लावणारी ही माणसं. तलवारीचे दिवस सरले तसे त्यांचे हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. आमचे उस्ताद त्याच परंपरेतले. मी सुताराचा पोरगा, पण त्यांनी मला घरच्यासारखं वागवलं. दुपारची भाकरी मी त्यांच्याच ओट्यावर खायचो.

१९८६ साल. मी एकोणीस वर्षांचा. एका गायिका बाईंनी मुद्दाम सांगून तंबोरा करायला टाकला. बाईंचा स्वर काळी चार. त्यांचं म्हणणं, नक्षीकाम मुळीच नको, फक्त गळ्याशी, म्हणजे दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तिथे, तुळशीची एक वेल असावी. उस्तादांनी ती वेल मला कोरायला दिली. त्या वेलीतलं डावीकडचं तिसरं पान माझ्या हातून उलटं कोरलं गेलं. उस्ताद हसले, म्हणाले, "राहू दे बाळ, वाऱ्यानं पलटलं असेल."

मग भोपळ्याचं काम आलं. आमच्याकडे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून यायचे. वाळलेला भोपळा कापून, पाण्यात भिजवून, मऊ झाला की आतला गर खरवडून काढायचा. हे काम घाईचं नव्हेच. उस्ताद दोन तासांसाठी बाहेर गेले होते आणि मला त्यांना काम पूर्ण करून दाखवायचं होतं. एका अंगाला भोपळा नीट भिजला नव्हता. मी तिथे जोर लावला आणि बारीक आवाज झाला. पाहतो तर चारेक बोटं लांब, केसासारखी चीर.

बाहेरून सरसात लाकडाची भुकटी कालवून मी ती चीर भरली, घासली, वर हात फिरवला. बाहेरून काही कळत नव्हतं. उस्ताद आले, त्यांनी भोपळा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवला. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वर तबली चिकटवली. तंबोरा पुरा झाला. बाई येऊन खूश होऊन घेऊन गेल्या.

त्यानंतर आठवडाभर उस्ताद प्रत्येक भोपळ्याला माझ्या शेजारी बसले. मला वाटलं, यांना संशय आलाय, पाळत ठेवतायत. मी त्यांच्या नजरेला नजर देईनासा झालो. भाकरी घरी जाऊन खाऊ लागलो. दोन वर्षांनी फर्निचरच्या कामाचं निमित्त करून कारखाना सोडला आणि पुढे जन्मभर दारं-खिडक्या केल्या. दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं. तिथे उस्ताद पुढे बसायचे. मी मागे खांबाआड बसायचो आणि सभा संपण्याआधी उठायचो. एखाद्या मैफलीत तो भोपळा फुटेल, बाई तक्रार घेऊन येतील, नाव उस्तादांचं जाईल, ही धास्ती कित्येक वर्षं मनात होती. उस्ताद जाऊनही आता पंधरा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात तंबोरे दुरुस्त करणाऱ्या एका पोराचा फोन आला. "काका, कोल्हापुरात जुन्या सामानवाल्याकडे एक तंबोरा आलाय. गळ्याशी तुळशीची वेल आहे, एक पान उलटं. तुम्ही सांगायचा ना, तोच वाटतोय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने गेलो. तारा नव्हत्या, दोन खुंट्या गायब, घोडी निखळलेली, वर बोटभर धूळ. वेलीवरून अंगठा फिरवला. तिसरं पान उलटं. दुकानदाराने साडेतीन हजार सांगितले. घासाघीस न करता दिले. घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, आपणच केलेली वस्तू आपणच पैसे मोजून आणली?" मी म्हटलं, "हो."

चीर बघायची म्हणून सुरी तापवून सरसाचा सांधा सोडवला आणि तबली अलगद उचलली. आत टॉर्च धरला. माझ्या चिरेवर आतल्या बाजूने बरोबर बसवलेली कापडाची पट्टी होती. सरसाने चिकटवलेली, चारही कोपरे गोल कापलेले. कोपरे टोकदार ठेवले की उचलतात, म्हणून आमच्या कारखान्यात एकच माणूस ते गोल कापायचा.

मंडळी, मी तिथेच खाली बसलो.

त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. तबली बसवण्याआधी त्यांनी माझी चूक आतून सावरली आणि वर आपलं नाव लावून तंबोरा दिला. पुढचा आठवडा ते शेजारी बसले तो पाळत ठेवायला नव्हे, शिकवायला. मजुरीतला एक रुपया कापला नाही. परवा त्यांच्या मुलाकडे जाऊन मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अब्बा आम्हाला याबद्दल कधीच बोलले नाहीत."

आता पुन्हा श्लोकाकडे येऊ. मला सगळं ठाऊक आहे, तुला नाही. हे ऐकून आधी भीतीच वाटते. सगळं म्हणजे सगळंच ना? माझी ती चीरसुद्धा? पण हे कोण कुणाला सांगतंय ते पाहा. दोनच श्लोक आधी भगवान अर्जुनाला म्हणाले आहेत की तू माझा भक्त आहेस, सखा आहेस, म्हणून तुला हे सांगतोय. ज्याला अर्जुनाचे सगळे जन्म माहीत आहेत, तोच त्याच्या रथाचे लगाम धरून बसला आहे. सगळं माहीत असूनही तो रथावरून उतरलेला नाही.

याचा अर्थ चूक माफ, आता काहीही करावं, असा कुणी घेऊ नये. चीर चीरच होती. ती टिकली ती उस्तादांच्या पट्टीमुळे. माझी भुकटी कधीच निघून गेली असती. आणि लपवण्याची किंमत मी मोजलीच. तंबोरा फुटला नाही, उस्तादांचं नाव गेलं नाही, बाईंचं गाणं अडलं नाही. गेली ती माझी त्या ओट्यावरची भाकरी. जे हरवेल या भीतीने मी गप्प बसलो, ते गप्प बसल्यामुळेच हरवलं. उस्तादांनी मला कधी दूर केलं नव्हतं. मीच खांबाआड जाऊन बसलो होतो.

देवापासूनही आपण असेच खांबाआड बसतो. त्याला ठाऊक नाही असं समजून हात जोडतो आणि आरती संपायच्या आत उठतो.

उस्तादांना आता सांगता येत नाही, ही बोच राहणारच. पण तुमच्यापैकी कुणाचे उस्ताद, कुणाची आई, कुणाचा भाऊ अजून आहे. एखादी जुनी चीर मनात असेल तर आज जाऊन सांगा. बहुतेक त्यांना आधीच माहीत असेल.

तबली मी पुन्हा चिकटवली. पट्टीला हात लावला नाही. नव्या खुंट्या केल्या, तारा चढवल्या, घोडीवर सूत सरकवून जवारी लावली. आज पहाटे षड्ज लावला, मग खर्ज छेडला. भोपळा घुमला. चीर अजून धरून आहे.

राम कृष्ण हरी. उद्या सहावा श्लोक.