मिनिटाला तीस शब्द

‘खूप शिकायचे’ हा संकल्प मोडला तरी विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही. ‘मिनिटाला 30 शब्द’ हा मोडला की त्याच संध्याकाळी कळतो. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतल्या टायपिंग क्लासांनी कितीतरी पिढ्यांना हे मोजता येणारे ध्येय दिले. दहावीच्या सुट्टीत मुलांची नावे तिथे घातली जात. परीक्षा पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे पालकांना समजवावे लागत नसे.

शब्द पाच ठोक्यांचा धरला, तर 30 शब्द म्हणजे सेकंदाला अडीच ठोके. पहिल्या दिवशी मात्र हा आकडा निरुपयोगी असतो. तेव्हाचे ध्येय असते करंगळी: ती जागच्या जागी पडावी, नजर कीबोर्डवर न जाता समोरच्या मजकुरावर राहावी. त्यासाठी ‘एएसडीएफ’ची पानेच्या पाने भरायची. खरी गोम अशी की दोन बोटांनी बडवणारा मुलगा सुरुवातीला पुढे असतो. योग्य पद्धत आधी वेग कमी करते, आणि नेमके तिथेच पुष्कळजण क्लास सोडतात.

टिकलेल्यांचाही वेग मध्येच अडतो. ब्रायन आणि हार्टर या अमेरिकी अभ्यासकांनी 1897 मध्ये तार घ्यायला शिकणाऱ्यांत हे टिपले: प्रगती कित्येक आठवडे थांबते, मग पुन्हा चढते. सुटी अक्षरे ऐकणारा कान हळूहळू शब्दच्या शब्द उचलू लागतो, असा त्यांचा उलगडा. बोटे बसण्यालाही तेच लागू पडावे. अशा काळात ध्येय बदलण्याची घाई नडते.

आकड्याला मर्यादा आहेतच. 40 शब्दांच्या वेगाने टंकणाऱ्याला चार ओळींचा अर्ज स्वतःच्या भाषेत लिहिता येईल, याची हमी हा आकडा देत नाही.

शिवाय साधन बदलते. विक्रोळीच्या गोदरेजने 1955 मध्ये पहिले भारतीय टंकयंत्र काढले आणि 2009 मध्ये उत्पादन थांबवले. परीक्षाही संगणकावर गेली. यंत्रावर ‘कि’ उमटवताना वेलांटी आधी, अक्षर मागून, संगणकाच्या ‘इनस्क्रिप्ट’ कळमांडणीत उलट. जुन्या टंकलेखकाला यंत्रावरचा क्रम मुद्दाम विसरावा लागतो. न बघता टंकण्याची सवय मात्र त्याला नव्याने लावून घ्यावी लागत नाही.