कानउघाडणी

इंग्लिश फुटबॉलपटू रिकी लॅम्बर्ट लिव्हरपूलच्या अकादमीत वाढला. पंधराव्या वर्षी क्लबने त्याला सोडून दिलं, पुढे ब्लॅकपूलनेही करार वाढवला नाही. मग त्याने एका कारखान्यात बीटाच्या बरण्यांना झाकणं लावली. मॅकल्सफील्डने 2001 मध्ये संधी दिली आणि तिथून स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स अशी खालच्या लीगमधली भटकंती सुरू झाली.

2008-09 मध्ये त्याने ब्रिस्टल रोव्हर्ससाठी लीगमध्ये 29 गोल केले. लीग वनमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या पायरीवर, त्याच्यापेक्षा जास्त गोल कुणाचेच नव्हते. साउथॅम्प्टनने सुमारे दहा लाख पौंड मोजून त्याला घेतलं. वय सत्तावीस. आता आपल्याला कुणी काय शिकवायचं, असं वाटायला एवढं पुरेसं होतं.

पण प्रशिक्षक ॲलन पार्ड्यू यांनी त्याला स्पष्ट सांगितलं : तुझ्या पायात वरच्या दर्जाचा खेळ आहे, पण हे वजन घेऊन तू तिथे पोहोचणार नाहीस. असं ऐकल्यावर माणूस रुसतो, नाहीतर सांगणाऱ्याचेच दोष काढू लागतो. अपयशी माणसाला बोल पचवावे लागतात, इलाज नसतो. यशस्वी माणसाने ते पचवणं मला फार मोठं वाटतं. लॅम्बर्टने ते पचवले. खाण्यापिण्याच्या सवयी बदलल्या, शरीर कमावलं. त्याच मोसमात लीगमध्ये 30 गोल झाले. 2011 आणि 2012 अशा लागोपाठ दोन बढत्या मिळवून संघ प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. पेनल्टीवर तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता : साउथॅम्प्टनसाठी 34 घेतल्या, 34 जाळ्यात.

14 ऑगस्ट 2013. वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध 2-2 अशी बरोबरी. एकतिसाव्या वर्षी इंग्लंडकडून पहिल्यांदाच खेळणारा लॅम्बर्ट बदली म्हणून उतरला. काही मिनिटांतच सहकारी बेन्सचा कॉर्नर आला आणि चेंडूला झालेल्या पहिल्याच स्पर्शात त्याने हेडरने गोल केला. इंग्लंडने सामना 3-2 ने जिंकला.

पुढच्या वर्षी लिव्हरपूलने त्याला परत बोलावलं, पण तो मोसम फिका गेला. त्याची खरी कमाई साउथॅम्प्टनचीच : पाच मोसम, 235 सामने, 117 गोल. त्यातले बहुतेक गोल त्या कानउघाडणीनंतरचे आहेत.