ओळख आणि आकलन

परधर्मीयांच्या श्रद्धेचे वर्णन करण्याचा अधिकार प्रवासवर्णनकाराला कोणत्या अटीवर मिळतो, हा प्रश्न वाङ्मयीन तितकाच नैतिक आहे. तैपेईतील लुंगशान मंदिर (स्थापना १७३८) पाहावे. मुख्य गाभाऱ्यात बौद्धांची ग्वानयिन आहे. मागील दालनांत सागरदेवता माझू, ग्वान-यू ही ताओपंथीय व लोकधर्मीय दैवते आहेत. भारतीय प्रवासी ग्वानयिनमध्ये अवलोकितेश्वर ओळखतो आणि सुखावतो. ही ओळख ऐतिहासिकदृष्ट्या खरीच आहे. परंतु चीनमध्ये हा बोधिसत्त्व स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला, हे स्थित्यंतर त्या सुखात नजरेआड होते.

मंदिर बौद्ध की ताओ, हा प्रश्नही प्रेक्षकाचाच. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे टाकून देवतेची अनुमती मागणाऱ्या स्त्रीला तो सहसा पडत नाही. एकाची सपाट व दुसऱ्याची फुगीर बाजू वर आली, की होकार. याला आपण ‘कौल’ म्हणतो, आणि त्या शब्दासरशी ती आपल्या ग्रामदैवतापुढे उभी राहते. असे शब्द टाळता येणार नाहीत. ते टाळले तर वर्णनच थांबेल. मात्र ते कोठे अपुरे पडतात, हे नोंदवण्याची जबाबदारी वर्णनकाराची आहे. तिची विवंचना आपल्याला कळली, असा आव तरी त्याने आणू नये.