कपट्यांचा हिशेब

ईदच्या भेटकार्डांसाठी आपण रंगीत कार्डशीटचा ताव आणतो. कार्डे तयार होतात आणि कडा, त्रिकोण, बोटभर रुंदीच्या पट्ट्या उरतात. वाचकहो, त्यांचे काय करावे हा प्रश्न इतका क्षुल्लक आहे की धर्मविचारात त्याला जागा असेल असे सहसा वाटत नाही. पण सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना शैतानाचे बंधू म्हटले आहे, ते रकमेची कोणतीही मर्यादा न घालता. वाहत्या नदीकाठीही वुजूचे पाणी जपून वापरावे, अशी शिकवण हदीसमध्ये आढळते.

एवढे ऐकले की पुष्कळ घरांत कपटान् कपटा राखला जाऊ लागतो. मिठाईचा एक खोका भरतो, मग दुसरा, मग पलंगाखालची पेटी. ही काटकसर आहे का? माझ्या मते नाही. कसर लागेपर्यंत पडून राहिलेला कागद वायाच गेला. केराच्या टोपलीऐवजी आपल्या घरात गेला, इतकेच. शिवाय पेटीत काय आहे हे आठवत नसल्याने पुढच्या ईदला आपण नवा ताव आणतोच. ‘कधीतरी लागेल’ या शब्दांत पुष्कळदा काटकसरीपेक्षा साठ्याची ओढच अधिक असते, आणि ही ओढ माणसाला थेट कबरीपर्यंत गाफील ठेवते, याची जाणीव सूरह तकासुर करून देते.

मुस्लिम जगातील कारागिरांनी तुकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. त्यांचा कागदच मुळी जुन्या चिंध्यांच्या लगद्यापासून बनत असे. पुढे इराणी आणि मोगल दरबारांत ‘मुरक्का’ नावाचे संग्रह तयार झाले. या शब्दाचा अर्थच ठिगळे जोडून केलेले. सूफींच्या ठिगळांच्या झग्यासाठीही हाच शब्द आहे. सफवी राजपुत्र बहराम मिर्झा याच्यासाठी दोस्त मुहम्मद याने १५४४च्या सुमारास सिद्ध केलेला मुरक्का आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. निरनिराळ्या हातांची अक्षरे आणि चित्रे, निरनिराळ्या मापांचे कागद एकेका पानावर बसवायचे, तर कोणीतरी ते आधी निवडले, मापले, शेजारी ठेवून पाहिले असणार. निव्वळ साठवणुकीतून असा ग्रंथ होत नाही.

आपल्या घरातही निवडण्यापासूनच सुरुवात करावी. बहुतेकजण आधी रंगांप्रमाणे ढीग लावतात. मी मापाप्रमाणे लावण्याच्या मताचा आहे, कारण हाती घेतलेले काम तुकड्याला पहिला प्रश्न विचारते तो ‘पुरशील का?’ हाच. तळहाताएवढे आणि मोठे तुकडे जुन्या फाइलमध्ये सपाट ठेवावेत, पट्ट्या बरणीत उभ्या. नखाएवढे कपटे मुलांच्या चिकटकामाला द्यावेत, नाहीतर निःसंकोच रद्दीत. खोका एकच असावा. तो भरला की काही वापरल्याशिवाय किंवा दिल्याशिवाय नवा कागद आणू नये. शाबानमध्ये घर आवरतानाच तो उघडला, तर मोठ्या तुकड्यांतून ईदीची पाकिटे सहज होतात.

देण्याविषयी मात्र सावध असावे. मकतबच्या मुलांना खोका पाठवताना त्यातील चुरगळलेले, डिंक लागलेले कपटे तसेच राहिले, तर ते देणे नव्हे, आपला केर दुसऱ्याच्या दारात लोटणे होय. जे आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही ते दानासाठी निवडू नये, हे सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे.

राहिल्या लग्नपत्रिका. त्यांचा जाड, सोनेरी कागद कात्रीला मोह घालतो. पण त्यांवर पुष्कळदा बिस्मिल्लाह किंवा आयत छापलेली असते. (चार दिवसांत टाकल्या जाणाऱ्या कागदावर ती छापावीच का, हे खरे तर छापणाऱ्याने आधी ठरवायला हवे.) तेवढा भाग अखंड कापून मशिदीत अशा पानांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकावा. पेटी नसेल तर पायाखाली येणार नाही अशा स्वच्छ जागी पुरावा. उरलेल्या सोनेरी कागदाची पाकिटे खुशाल करावीत.