अक्काची वही

एप्रिल २०२० चा शेवटचा आठवडा. टाळेबंदीतल्या बेंगळुरूत एक आशा कार्यकर्ती, गल्लीची अक्का, घरोघर विचारत फिरत होती: ताप आहे का, खोकला आहे का, बाहेरगावाहून कोणी आलंय का? गुलाबी साडी, तोंडाला मास्क, काखेत जाडजूड वही. एका मराठी किराणावाल्याने तिला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं आणि वही हिसकावली. मागे दहा-बारा जण जमले.

"नाव लिहून घेतात आणि माणूस उचलून नेतात," कोणीतरी ओरडलं.

याच शहरात, पादरायनपुऱ्यात, १९ तारखेच्या रात्री जमावाने पालिकेच्या माणसांवर हल्ला केला होता. २२ तारखेला केंद्राने वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. आरोग्यसेवकावर हात उचलला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. गंभीर इजा केली तर कैद सात वर्षांपर्यंत.

"अजामीनपात्र आहे रे," मागून एक जण पुटपुटला. गर्दी पांगली. कायद्याने तेवढं काम चोख केलं. वही मात्र अजून किराणावाल्याच्याच हातात होती.

ओट्यावरून त्याची आई म्हणाली, "फाडण्याआधी वाच तरी."

त्याने पान उलटलं. त्याच्याच बायकोचं नाव, सातवा महिना, लोहाच्या गोळ्या दिल्याच्या तारखा, पुढची तपासणी.

"पण आई, पुण्यातल्या प्लेगचं तूच सांगायचीस ना..."

"ते गोरे सोजीर बूट घालून देवघरात शिरायचे. लोक चिडणारच! ही आपल्या उंबऱ्याबाहेर चप्पल काढते. रात्री सुनेच्या पोटात दुखलं तर कुणाला हाक मारशील? हिची वाट अडवलीस ती आपल्याच घराची अडवलीस."

अक्काला पोलिसांना फोन करता आला असता. (मी असतो तर केलाच असता.) तिने वही घेतली आणि पेनाचं टोपण काढलं.

"ताप?"

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"बाहेरगावाहून कोणी?"

त्याने आईकडे पाहिलं. "मेहुणा. मंगळवारी हुबळीहून आलाय, भाजीच्या ट्रकमधून. मागे गोदामात झोपलाय. कालपासून अंग तापलंय त्याचं."