कबीराचा राम आणि आपले मन



नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लागलेली असते, आणि संध्याकाळी म्हातारे आजोबा एकतारी घेऊन कबीराचे भजन सुरू करतात. भजनात ‘राम’ येतो. कॉलेजात शिकणारा नातू म्हणतो, “आबा, आता हा राम आपल्या घरात नको.” आजोबा एकतारी खाली ठेवतात आणि गप्प होतात. यात बरोबर कोण?

नातवाच्या बाजूला बावीस प्रतिज्ञा आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यांत राम-कृष्णांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. पण आजोबांचीही बाजू आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते. पुढे १९५४ साली बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले, ते बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. गुरूला घराबाहेर कसे काढायचे? म्हणून कबीर काय म्हणत होता, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

कबीर पंधराव्या शतकातला, काशीचा, जातीने जुलाहा म्हणजे विणकर. त्याचा राम दशरथाच्या घरी जन्मलेला नाही. त्याला रूप नाही, देऊळ नाही, पुजारी नाही. दगडाच्या मूर्तीपेक्षा पीठ देणारे जाते बरे, असे कबीर हिंदूंना सुनावतो. तुमचा खुदा बहिरा आहे काय, असे बांग देणाऱ्या मुल्लाला विचारतो. हातात माळ फिरते आणि मन बाजारात फिरते, तर त्या जपाचा उपयोग काय, हा त्याचा सवाल दोघांनाही आहे. देव कोणाचा खरा, या वादात तो पडत नाही. देवाचे नाव घेणाऱ्याचे मन कसे आहे, एवढेच तो तपासतो.

काशीत मरणाऱ्याला मोक्ष आणि मगहरात मरणाऱ्याला गाढवाचा जन्म, अशी त्या काळी समजूत होती. परंपरा सांगते की कबीर आयुष्यभर काशीत राहिला आणि मरायला मुद्दाम गोरखपूरजवळच्या मगहरला गेला. यातला विचार फार मोठा आहे. मेल्या जागेवरून मोक्ष मिळत असेल, तर काशीतला लबाड तरेल आणि मगहरातला कष्टाळू, सज्जन माणूस बुडेल! मग शीलाला किंमत काय उरली? जन्माच्या जागेवरून माणसाला उच्च-नीच ठरविणे आणि मरणाच्या जागेवरून पवित्र-अपवित्र ठरविणे, हे एकाच झाडाचे विष आहे. आपल्या वाडवडिलांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पचविले, म्हणूनच कबीर त्यांना आपला वाटला.

तथापि कबीर बौद्ध होता, असे सांगण्याचा मोह आपण टाळावा. मन स्वच्छ केले की आत राम भेटतो, असे कबीर म्हणतो. धम्मपदाचाही आरंभ मनापासूनच होतो. पण मन का स्वच्छ करावे, हे सांगायला तथागतांना देवाची गरज पडत नाही. देव पाहतो म्हणून मी चोरी करीत नाही, असे म्हणणाऱ्याचे शील एका साक्षीदारावर उभे असते. साक्षीदाराविषयी शंका आली की शील डळमळते. लोभ, द्वेष आणि मोह हे ज्याच्या मनात असतात त्याला जाळतात आणि शेजाऱ्यालाही जाळतात, हे ज्याने स्वतः पाहिले, त्याला दुसरा साक्षीदार लागत नाही. कबीराने दाराशी आणून सोडले. आत बुद्धाने नेले.

शिवाय कबीराच्या नावावर स्त्रियांची निंदा करणाऱ्या साख्याही आहेत. त्या आपण का मानाव्यात? परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून स्वीकारू नका, अकुशल दिसेल ते टाका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हा नियम कबीरालाही लागू आहे.

आणि आपल्यालाही! मगहरात आज कबीराची समाधी आणि मजार शेजारी-शेजारी उभ्या आहेत. ज्याने दोन्ही धर्मांच्या भिंतींवर आघात केले, त्याच्या मरणानंतर त्याच्याच नावाने दोन वास्तू झाल्या. प्रतिमेपुढे मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील तोंडपाठ म्हणायचे, आणि बाहेर पडून दारू प्यायची, सुनेकडे हुंडा मागायचा, आपल्यातच पोटजात पाहून सोयरीक करायची. मग आपल्या हातातली माळ तेवढी बदलली, मन तेच राहिले.

तेव्हा नातवाने आजोबांच्या हातातली एकतारी हिसकावून घेऊ नये. त्याने विचारावे, “आबा, हा राम कोणता? कबीर असे का म्हणाला?” आणि आजोबांनीही ते भजन प्रार्थना म्हणून न म्हणता शिकवण म्हणून समजावून सांगावे, आणि बुद्ध तिथून पुढे कुठे गेला हे नातवाकडून ऐकून घ्यावे. अशी चर्चा ज्या घरात होईल, त्या घरात धम्म भिंतीवरून खाली उतरून माणसांत आला, असे समजावे.

जय भीम!