गोळ्या घेतल्या नाहीत तर पाप लागेल का?



गेल्या महिन्यात मिस्सा आटोपल्यावर एक गृहस्थ चर्चच्या पायरीवर थांबून राहिले. त्यांची आई ८४ वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. ‘टेलोमिअर वाढवून वार्धक्य रोखणाऱ्या’ गोळ्यांची जाहिरात कुणीतरी त्यांना मोबाईलवर पाठवली होती. महिन्याचा खर्च अर्ध्या पगाराइतका. ‘‘फादर, परवडत नाहीत म्हणून घेतल्या नाहीत, तर पाप लागेल का?’’

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, जीवशास्त्र नव्हे. तेव्हा आधी वाचावे लागले.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांवर डीएनएची टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे शेकडो-हजारो वेळा लिहिलेली असतात. हेच टेलोमिअर. त्यांचे काम राखणीचे. ते नसते तर पेशीला ते टोक म्हणजे तुटलेला धागा वाटला असता आणि तिने ते दुसऱ्या गुणसूत्राला नेऊन जोडले असते. पेशी दुभंगताना टोकाची नक्कल पुरी उतरत नाही, म्हणून ते दर वेळी थोडे झिजते. प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी सुमारे ४० ते ६० वेळा दुभंगून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले. ही झीज भरून काढणारे टेलोमरेज कॅरोल ग्रायडर यांना एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत दिसले ते १९८४ च्या नाताळच्या दिवशी! (नाताळला त्या प्रयोगशाळेत होत्या, हे मी केव्हाच माफ केले आहे.) २००९ साली दोघींना जॅक शोस्टाक यांच्यासह नोबेल मिळाले.

जाहिरात इथे थांबते. शरीर बहुतेक पेशींत टेलोमरेज जवळजवळ बंद ठेवते. सुमारे नव्वद टक्के कर्करोगांत ते पुन्हा चालू झालेले आढळते. पीओटी-१ या जनुकात दोष असलेल्या काही कुटुंबांत टेलोमिअर फार लांब असतात. ही माणसे चिरतरुण असावीत ना? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात नाना गाठी आढळल्या. उलट टेलोमिअर फार आखूड असले तर अस्थिमज्जा आणि फुप्फुसे निकामी होऊ शकतात.

दगडाला दिसत नाही, पण त्याला कुणी आंधळा म्हणत नाही; असायला हवे ते नसणे हेच न्यून, असे आम्हाला शिकवीत. मग पेशीचे थांबणे हे न्यून नव्हे. ते तिचे शरीरासाठी केलेले काम आहे. मात्र इथून माणसाकडे उडी मारू नये. आई ही कुणाची पेशी नव्हे. तिच्या थांबण्याने कुणी वाचत नाही. घर रिकामे होते, एवढेच.

मागच्या रविवारी त्यांना म्हणालो, पाप नाही. स्वतःवर किंवा इतरांवर भारी ओझे टाकणारे उपाय करण्याचे बंधन नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना सांगितले होते. आणि या गोळ्यांनी माणसाचे आयुष्य वाढते हे तर सिद्धच झालेले नाही.

त्यांचा चेहरा काही मोकळा झाला नाही. ‘‘मग मी तिच्यासाठी काय करू, फादर?’’

मी विचारले, रात्री तिच्याजवळ कोण असते?

‘‘बाई ठेवलीय.’’ मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले. आईच्या पेजेची वेळ झाली, म्हणाले, आणि निघाले.